संगणक-प्रणालीची सुधारणा आणि परतीची वाट

संगणकाच्या मूळ प्रणालीची, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमची, वेळोवेळी सुधारणा करणे हा विषय आता केवळ तंत्रज्ञांपुरता राहिलेला नाही. ज्या यंत्रावर दाखले, वेतनदेयके आणि नोंदवह्या अवलंबून असतात, ते सुधारणेनंतर सुरूच झाले नाही तर खिडकीसमोरील रांग तिथेच खोळंबते. सुधारणा टाळणेही शक्य नसते, कारण जुन्या प्रणालीतील सुरक्षेचे दोष कालांतराने कोणी दुरुस्त करून देत नाही. अशा वेळी जुनी प्रणाली न पुसता तिच्या शेजारी नवी उभी करणे आणि संगणक सुरू करताना दोहोंपैकी एक निवडणे, हा मार्ग उपयोगी पडतो. अशा प्रत्येक स्वतंत्र प्रणाली-संचास बूट एन्व्हायर्नमेंट म्हणतात. येथे त्यास बूट-संच म्हणू.

ही कल्पना अनेकांच्या खिशातही आहे. २०१६ मधील अँड्रॉइड ७ पासून पुष्कळ मोबाइल संचांत प्रणालीसाठी दोन कप्पे असतात. एक वापरात असताना सुधारणा दुसऱ्यात भरली जाते व नवा कप्पा सुरू न झाल्यास संच जुन्याकडे वळतो. सर्व्हर-संगणकांत ही सोय अधिक विस्तृत रूपात मिळाली ती झेडएफएस या फाइल-पद्धतीमुळे. सन मायक्रोसिस्टिम्सने सोलारिससाठी विकसित केलेली ही पद्धती २००५ मध्ये ओपनसोलारिसमधून खुली झाली. तीत नवा मजकूर जुन्यावर न लिहिता नव्या जागी लिहिला जातो. त्यामुळे प्रणालीचा स्नॅपशॉट घेऊन त्यापासून दुसरा संच उभारण्यास काही क्षण पुरतात आणि प्रारंभी जागाही जवळजवळ लागत नाही. फ्रीबीएसडी या प्रणालीच्या डिसेंबर २०१८ मधील १२.० आवृत्तीपासून यासाठी 'बीईसीटीएल' ही आज्ञा मूळ प्रणालीतच समाविष्ट आहे.

कामाची रीत साधी आहे. प्रथम चालू प्रणालीचा नवा बूट-संच तयार करावा, सुधारणा त्या नव्या संचावर करावी आणि तो केवळ पुढील एका प्रारंभापुरता निवडावा. ही तात्पुरती निवड दूरच्या यंत्रासाठी विशेष मोलाची ठरते. नवी प्रणाली कोसळून यंत्र पुन्हा सुरू झाले, तर ते आपोआप जुन्यावर येते. मात्र ती कोसळण्याऐवजी नुसतीच अडकून बसली, तर यंत्राजवळ जाऊन बटण दाबणारा माणूस लागतोच!

येथवरचा भाग बहुतेक ठिकाणी नीट पार पडतो. चूक होते ती पुढे. नव्या प्रणालीची तपासणी सर्वजण करतात. जुनी अजून चालते की नाही, हे सहसा कोणी पाहत नाही. यादीत तिचे नाव दिसते, एवढ्यावर समाधान मानले जाते.

जुना संच निकामी करणारे सर्वांत सामान्य कारण म्हणजे स्टोरेज पूलची घाईने केलेली सुधारणा. नवी आवृत्ती पूलमधील नव्या सुविधा सुरू करण्याचे सुचविते आणि ती आज्ञा देणे मोहाचे असते. परंतु ती मागे घेता येत नाही. दोन्ही बूट-संच त्याच पूलमध्ये असल्याने, जुन्या प्रणालीला नव्या सुविधा समजल्या नाहीत तर तिला स्वतःचेच घर उघडता येत नाही. म्हणून हे पाऊल सर्वांत शेवटी, जुन्याची गरज संपल्यावरच टाकावे.

दुसरा धोका अधिक फसवा आहे. फ्रीबीएसडीच्या नेहमीच्या मांडणीत वापरकर्त्यांच्या फाइली व लॉग बूट-संचाबाहेर असतात, पण 'व्हार' या फोल्डरातील 'डीबी' हा भाग संचाच्या आत राहतो. पोस्टग्रेस डेटाबेस तिथे असेल आणि चार दिवसांनी जुन्या संचाकडे परतावे लागले, तर नोंदीही चार दिवस मागे जातात. त्या नष्ट होत नाहीत, नव्या संचात राहतात. पण खिडकीवर बसलेल्या लिपिकास त्या दिसत नाहीत व तो त्या पुन्हा भरू लागतो. मग दोन नोंदींपैकी खरी कोणती, हा प्रश्न उरतो. डेटाबेस स्वतंत्र विभागात ठेवावा हे खरे. मात्र त्याचीही मुख्य आवृत्ती त्याच वेळी बदलली, तर जुना पोस्टग्रेस नव्या स्वरूपातील माहिती उघडत नाही. दोन सुधारणा एका दिवशी करू नयेत, हे म्हणणे त्यामुळेच.

यास्तव तपासणीच्या दिवशी नवी प्रणाली नीट चालल्यावर यंत्र मुद्दाम एकदा जुन्या संचावर सुरू करून पाहावे. प्रवेश, छपाई, डेटाबेस वाचणे व जाळ्याशी जोडणी एवढे तपासून पुन्हा नव्याकडे यावे. अर्धा तास जातो, परंतु परतीची वाट कागदावरची आहे की खरी, हे त्यातच कळते. बूट-संच म्हणजे बॅकअप नव्हे, हेही ध्यानात असावे. दोन्ही संच एकाच डिस्कवर असतात आणि डिस्क बिघडली तर दोन्ही जातात.

जुना संच किती काळ ठेवावा? वेतनदेयक आणि मासिक ताळेबंद नव्या प्रणालीवर एकदा पूर्ण होईपर्यंत तरी ठेवावा. जसजसे नव्यात बदल होतात तसतशी जुन्याने अडविलेली जागा वाढत जाते, म्हणून त्यापुढे तो काढून टाकावा व काढल्याची तारीख यंत्राच्या नोंदवहीत लिहावी.