बोहारीण आणि बन्झ

तुमच्या आजीला विचारा, "बोहारीण म्हणजे कोण गं?" ती नक्की हसेल. माझ्या लहानपणी डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन बोहारीण दारात यायची. जुने कपडे द्यायचे आणि बदल्यात स्टीलचं भांडं घ्यायचं. पैशांचं काम नाही, पण घासाघीस भरपूर! "दोन साड्यांना एवढासाच डबा?" असं आई म्हणायची. मग बोहारीण टोपली उचलून निघायचं नाटक करायची. शेवटी सौदा व्हायचाच.

कॅनडात बोहारीण नाही. पण २०१३ साली टोरांटोमध्ये एमिली बिट्झ या तरुणीने फेसबुकवर एक गट सुरू केला. त्याचं नाव बन्झ. तिथे पैसे चालत नसत. वस्तू द्या, वस्तू घ्या. लोक सबवे स्टेशनवर भेटून अदलाबदल करायचे. कुणी झाडाची कुंडी देऊन सबवेची टोकनं घ्यायचं! २०१६ मध्ये बन्झचं ॲप आलं. २०१८ मध्ये त्यांनी स्वतःचं डिजिटल नाणंही काढलं. मला ते काही पटलं नाही. नाणं आलं की पुन्हा हिशेब आलाच ना?

असं ॲप बनवायला काय लागतं? तुम्ही म्हणाल, फोटो टाकला की झालं. मी हेच काम करतो, म्हणून सांगतो: फोटो हा सगळ्यात सोपा भाग. समजा, तुम्हाला जुनं टेबल द्यायचंय. तुमच्या घराचा पत्ता सगळ्यांना दिसावा का? मुळीच नाही. नकाशावर फक्त अंदाजे जागा दिसली पाहिजे. टेबल गेलं की "दिलं" अशी खूण लगेच यायला हवी, नाहीतर पंधरा जण विचारत बसतात.

आणि ढेकूण? ते फोटोत दिसत नाहीत. कॅनडात नवीन होतो तेव्हा मी रस्त्याकडेला ठेवलेली एक छान गादीची खुर्ची घरी आणली. दोन आठवडे अंग खाजत होतं! शेवटी खुर्ची गेली, सोबत माझी नवी गादीही गेली. खुर्ची कुणाची होती, तेच माहीत नव्हतं, विचारणार कुणाला? म्हणून ॲपमध्ये देणाऱ्याचं नाव आणि त्याच्याबद्दल आधीच्या लोकांचं मत दिसणं मला फार महत्त्वाचं वाटतं. बोहारणीला आई ओळखत होती, तसंच.

शब्दार्थ
घासाघीस – भाव कमी-जास्त करण्यासाठी केलेली बोलाचाली
सौदा – देण्याघेण्याचा व्यवहार
ढेकूण – गादीत लपणारा, माणसाला चावणारा छोटा किडा

करून पाहा
घरातली न लागणारी एक वस्तू निवडा. ती शेजाऱ्यांना देण्यासाठी चार वाक्यांची जाहिरात लिहा. त्यातलं एक वाक्य वस्तूमध्ये काय खराब आहे, हे सांगणारं हवं.