प्रकाशाचा जमाखर्च : अर्धवाहकांचा द्विमितीय वर्णपट

मीरा-भाईंदर शहरातील बेव्हर्ली पार्क या वसाहतीत दिवेलागण झाली की घराघरांत एलईडी दिवे उजळतात. हा दिवा, मोबाइलमधील कॅमेरा आणि गच्चीवरील सौर पॅनेल या तिन्हींचे काम अर्धवाहक पदार्थांवर चालते. दिवा विजेपासून प्रकाश देतो, तर सौर पॅनेल प्रकाशापासून वीज. या व्यवहारात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. प्रकाश पडल्यावर अर्धवाहकाच्या आत काय घडते, हे तपासण्याची एक सूक्ष्म पद्धत म्हणजे बहुमितीय सुसंगत प्रकाशीय वर्णपटमापन. नाव अवघड असले, तरी जनगणनेचे तक्ते हाताळणाऱ्यांना तिचे तत्त्व परके वाटू नये.

बेरीज आणि तक्ता

मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ मध्ये ५,२०,३८८ होती. २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. या आकड्यांवरून वाढ समजते, माणसे कोठून आली हे समजत नाही. त्यासाठी उभ्या बाजूस पूर्वीचे निवासस्थान आणि आडव्या बाजूस आताचे, असा तक्ता करावा लागतो. जे हलले नाहीत त्यांची नोंद कर्णावर पडते, स्थलांतरितांची कर्णाबाहेर.

साधा वर्णपट हा नुसत्या बेरजेसारखा आहे. कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषला गेला, एवढेच तो सांगतो. द्विमितीय वर्णपटात एका अक्षावर शोषलेला रंग आणि दुसऱ्यावर परत मिळालेला रंग मांडतात. कर्णाबाहेर ठिपका दिसला, तर त्या दोन ऊर्जापातळ्यांचा परस्परांशी संबंध आहे असे समजावे.

लेझीमचा ताल

यासाठी पदार्थावर लेसरचे तीन स्पंद लागोपाठ सोडतात. एक स्पंद सुमारे शंभर फेम्टोसेकंदांचा असतो. सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले, तर त्यांतील एक म्हणजे फेम्टोसेकंद. शंभर फेम्टोसेकंदांत प्रकाशही जेमतेम ०.०३ मिलिमीटर अंतर कापतो.

हलगीच्या पहिल्या ठोक्याबरोबर लेझीमपथक एका तालात पाऊल टाकते, तसे पहिल्या स्पंदाने पदार्थातील इलेक्ट्रॉन एका तालात आंदोलू लागतात. यालाच सुसंगती म्हणतात. पुढे हा ताल मोडतो. त्याची कारणे दोन. प्रत्येक गड्याची गती मुळातच थोडी वेगळी असेल, किंवा धक्काबुक्कीने पाऊल चुकत असेल. अर्धवाहकाचा थर सर्वत्र सारख्या जाडीचा नसणे हे पहिले कारण. अणूंच्या कंपनांशी होणाऱ्या टकरी हे दुसरे. साध्या वर्णपटात दोन्हींमुळे रेषा रुंदच दिसते. द्विमितीय वर्णपटात मात्र पहिल्या कारणाने ठिपका कर्णाच्या दिशेने लांबतो, दुसऱ्याने कर्णाला आडवा रुंदावतो. दोष थर घडविण्यात आहे की पदार्थाच्या स्वभावात, याचा निवाडा येथे होतो. आणि निदान झाल्यावाचून उपाय करणे व्यर्थ, हे प्रशासनात काम करणाऱ्यांना सांगावयास नको.

मुंबईशी नाते

या पद्धतीची जननी म्हणजे चुंबकीय अनुस्पंदनाची द्विमितीय पद्धत. बेल्जियमचे जाँ जीनर यांनी १९७१ मध्ये तिची कल्पना मांडली; ती विकसित करणारे स्वित्झर्लंडचे रिचर्ड अर्न्स्ट यांना १९९१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, कुलाबा येथे, या द्विमितीय पद्धतीने प्रथिनांच्या रचनेचा अभ्यास झाला. तेच तत्त्व पुढे प्रकाशासाठी वापरले गेले. या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील बोल्डर येथे स्टीव्हन कंडिफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या अतिशय पातळ थरांचे असे वर्णपट घेतले.

या अभ्यासाने उद्याच दिवा स्वस्त होईल, असे नाही. परंतु सुधारणा कोठे करावी, हे तो दाखवितो. शिक्षकांनी वर्गातील मुलांचे जन्मगाव आणि सध्याचे गाव यांचा तक्ता फळ्यावर मांडून पाहावा. बेरजेत न दिसणारे नाते तक्त्यात कसे उघड होते, हे मुलांना त्यावरून सहज उमगेल.