वसंतातील परसबाग आणि घरचे सांडपाणी

माघ सरला की खेड्यातील भाजीची टोपली हलकी होऊ लागते. मेथी फुलोऱ्यावर येते, पालकाला तुरे फुटतात, मुळा जून होतो आणि विहिरींचे पाणी खाली जाते. चैत्र-वैशाखात बाजारात भाजी असते, परंतु ती दुरून आलेली व म्हणून महाग असते. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या ताटात मग पिठले, चटणी व कांदा एवढेच उरते. नेमक्या याच दिवसांत परसबागही ओस पडते, आणि त्याचे कारण म्हणून पाण्याच्या टंचाईकडे बोट दाखविले जाते. हे कारण जरा तपासून पाहण्याजोगे आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, परंतु आहारातील लोह व फोलिक आम्लाची उणीव हे त्यांतील प्रमुख होय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीच्या आहारात दररोज ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे असावयास हवीत. एवढी सारी भाजी परसातून निघेल असा दावा कोणी करू नये. पण दिवसाआड एक जुडी पालेभाजी, आठवड्यात दोन-तीन वेळा फळभाजी आणि त्यावर पिळावयास घरचे लिंबू एवढे अवश्य निघू शकते. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते, तर जेवणाबरोबरच्या चहामुळे ते कमी शोषले जाते, ही गोष्ट शिक्षकांनी पालकसभेत सांगण्यासारखी आहे.

पाण्याचा हिशेब

जल जीवन मिशनने २०१९ साली ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले. पाच माणसांच्या घरात याप्रमाणे २७५ लिटर पाणी येते. अंघोळ, धुणी व भांडी यांचे म्हणून त्यातील निम्मेच बाहेर पडते असे धरले, तरी ते सव्वाशे लिटरहून अधिक होते. उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्याला दर चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी लागते. म्हणजे मोरीतून गटारात जाणाऱ्या पाण्यावर सुमारे पाव गुंठा परसबाग तगू शकते. जेथे टँकरवर गाव जगते तेथे हा हिशेब अर्थातच आखडतो. अशा ठिकाणी शेवगा, आळू व लिंबू एवढ्यावर समाधान मानणे शहाणपणाचे ठरेल.

जुन्या घरांच्या न्हाणीमागे आळवाचे बन आणि केळीचा खुंट हटकून असे. ती केवळ हौस नव्हती, ती सांडपाण्याची व्यवस्था होती. हे पाणी वापरताना मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. शौचालयाचे पाणी त्यात कदापि मिसळू देऊ नये. मोरीचे पाणी विटांचे तुकडे, खडी व वाळू यांच्या थरांच्या लहान खड्ड्यातून काढून पुढे सरीत सोडावे. ते साठवून ठेवू नये, त्याच दिवशी मुळाशी द्यावे. अन्यथा दुर्गंधी सुटते व डास होतात. धुण्याच्या पाण्यातील सोड्यामुळे, विशेषतः काळ्या जमिनीत, माती चिकट व कडक होत जाते. म्हणून ते केळी व कर्दळीकडे वळवावे, आणि तेही आलटूनपालटून. पालेभाजी व कोथिंबीर यांना सांडपाणी देऊच नये. त्यांच्यासाठी तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी निराळे ठेवावे. वेलांच्या आळ्यात कच्च्या भाजणीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ते भरून ठेवल्यास पाणी हळूहळू मुळांशी झिरपते. सर्व वाफ्यांवर पालापाचोळ्याचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन असावे. त्याविना वरचा हिशेब जुळणार नाही.

काय लावावे

भेंडी, गवार व चवळी यांची पेरणी माघाच्या उत्तरार्धात किंवा फाल्गुनाच्या आरंभी उरकावी. उशीर झाल्यास ऐन फुलोरा कडक उन्हात सापडून फुले गळतात. भेंडीवरील पिवळ्या शिरांचा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो; त्याला दाद न देणारा ‘परभणी क्रांती’ हा वाण मराठवाड्यातील कृषी विद्यापीठाने १९८५ साली दिला. तांदुळजा, माठ व पोकळा या उन्हाळा सोसणाऱ्या पालेभाज्या तीन-चार आठवड्यांत काढणीस येतात. वाफा एकदम न पेरता दर पंधरवड्यास त्याचा एक हिस्सा पेरावा, म्हणजे भाजी एकदम येऊन वाया जात नाही. ओलीवर आपोआप उगवणारी घोळ तण म्हणून उपटून फेकली जाते. तीही उत्तम भाजी आहे. शेवग्याचे रोप हातभर उंच झाल्यावर शेंडा खुडल्यास ते पसरते आणि पाला हाताशी राहतो. शेंगा सगळेच खातात, पाल्याकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः पोषणाच्या दृष्टीने पाला सरस आहे.

दुधी, दोडका, कारले व भोपळा यांचे वेल कुंपणावर किंवा मांडवावर चढवावेत. या वेलांविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते : फुले भरपूर येतात, पण फळ धरत नाही. हा बहुधा रोग नसतो. वेलावर नर व मादी फुले वेगवेगळी असतात आणि आरंभी नर फुलेच येऊन गळून पडतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते, त्यावरून ते ओळखावे. मधमाश्या कमी असतील तर नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलावर हलकेच टेकवावा. भोपळ्यास हे काम सकाळी लवकर, दुधी व दोडक्यास सायंकाळी, कारण त्यांची फुले त्या वेळी उमलतात. विद्यार्थ्यांना परागीभवन शिकविण्यास यापेक्षा सोपा पाठ मिळणे कठीण.

कोवळ्या वेलांवरील लाल भुंगेरे सकाळी सुस्त असतात, तेव्हा हातांनी वेचावेत. मावा व पांढऱ्या माशीसाठी लिटरभर पाण्यास ५० ग्रॅम निंबोळीचूर्ण रात्रभर भिजवून गाळलेला अर्क पुरेसा होतो.

फुलांसाठी वेगळी जागा अडवू नये. वाफ्यांच्या कडेने झेंडू लावल्यास जमिनीतील सूत्रकृमींना आळा बसतो. मोगऱ्याचा बहर याच दिवसांतला आहे. फळझाडांची कलमे मात्र वसंतात लावण्याचा मोह टाळावा. वैशाखात खड्डे खणून उन्हात तापू द्यावेत, नंतर शेणखत व माती भरावी आणि पाऊस सुरू झाल्यावर पेरू व लिंबू लावावे.

शाळेची सुट्टी

शालेय पोषण परसबागांसाठी केंद्र शासनाने २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. परंतु हिवाळ्यात हौसेने फुलविलेली बाग मे महिन्यात सुट्टी लागताच वाळते, कारण झाडांना सुट्टी नसते आणि पाणी घालणारे हात घरी गेलेले असतात. हा प्रश्न शिक्षकांवर सोपवून सुटणारा नाही. सुट्टीपूर्वीच ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समितीने एकत्र बसून शाळेलगतच्या चार-पाच कुटुंबांना वार वाटून द्यावेत आणि त्या दिवसांत निघणारी भाजी त्यांनीच न्यावी असा स्पष्ट ठराव करावा. मोबदल्याविना दिलेले काम आठवड्यापलीकडे टिकत नाही. शाळेच्या नळाखालचे व हात धुण्याच्या जागेचे पाणी बागेकडे वळविण्याचे काम ग्रामपंचायतीने सांडपाणी व्यवस्थापनाच्या आराखड्यात घ्यावे. भेंडी, चवळी व दुधी यांची प्रत्येकी दोन-तीन निरोगी फळे बियाण्यासाठी वेलावर वा झाडावरच पिकू द्यावीत. पावसाच्या सुरुवातीस कडुलिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. शाळा उघडताच मुलांकडून तो वेचून, धुऊन व सावलीत वाळवून ठेवल्यास पुढील वसंतातील अर्काची सोय होते.