मुलांना कोणत्या शाळेत घालावे?
(पालक व विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यास)

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की आपल्या वस्त्यांतून एकच प्रश्न ऐकू येतो : मुलाला मिशनच्या कॉन्व्हेंटमध्ये घालावे, की जवळच्या महानगरपालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळेत? फीसाठी कुणी पतपेढीचे कर्ज काढतो, कुणी घरातला दागिना गहाण ठेवतो. कालाम सुत्तात भगवान बुद्धांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे सांगितले. शाळेची निवडही आपण अशीच पारखून केली पाहिजे.

प्रथम इतिहास पाहू. महात्मा जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. पुढे १८४८ मध्ये त्यांनी मुलींसाठी शाळा काढली आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले आणि १९०७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूल या सरकारी शाळेतून मॅट्रिक झाले. परंतु लहानपणी शाळेत त्यांना वेगळे बसावे लागले व पाण्याला स्पर्श करण्याची मनाई सोसावी लागली. म्हणजे दार उघडे असले तरी आत सन्मान मिळेलच असे नाही. केवळ पाटी पाहून शाळा चांगली वा वाईट ठरत नाही, हा पहिला धडा.

आता कायदा काय म्हणतो ते समजून घेऊ.

१) अनुच्छेद २८ : संपूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य वा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षणास वा प्रार्थनेस बसण्याची सक्ती करता येत नाही.

२) अनुच्छेद २९ (२) : शासनाच्या वा अनुदानित शाळेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही.

३) अनुच्छेद ३० : अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क आहे. बौद्धांनाही तो आहे.

४) शिक्षण हक्क कायदा, २००९ : ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शासकीय शाळेत मोफत शिक्षण मिळते. खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गात २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांना द्यावयाच्या आहेत. अनुसूचित जाती वंचित घटकात येतात. मात्र २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही असे ठरविले. म्हणून अल्पसंख्याक दर्जाच्या कॉन्व्हेंटमध्ये या जागांच्या भरवशावर राहू नये. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका पीठाने या निर्णयाच्या फेरविचाराचा प्रश्न सरन्यायाधीशांपुढे ठेवला.

मग पालकांनी काय पाहावे? शिक्षक नियमित शिकवितात काय? मूल वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगते काय? संपूर्ण वर्षाचा खर्च, म्हणजे फी, गणवेश, वह्या, रिक्षा मिळून, घराला पेलेल काय? मुलीसाठी स्वच्छतागृह आहे काय? आणि आपल्या मुलाला त्याचे आडनाव विचारून कुणी मागे बसवीत नाही ना? इंग्रजी यावे ही आपली इच्छा रास्त आहे. पण घरी साहाय्य करणारे कुणी नसता मूल नुसते पाठांतर करू लागले, तर ना इंग्रजी येते ना मराठी.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. आपल्यातील मिळवते लोक मुले काढून नेतात, आणि मोलकरणीची व बिगाऱ्याची मुले तेवढी सरकारी शाळेत उरतात. मग तेथे तक्रार करणाराही उरत नाही. मुले काढून नेणाऱ्यांत आम्हीही आहोत, हे कबूल केले पाहिजे. कायद्याने अशा शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात. त्या बैठकीला आपण किती जण जातो?

कॉन्व्हेंटमध्ये मूल घालणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. प्रत्येक आईबाप आपल्या परीने लेकराचे भलेच पाहतो. परंतु मूल कोणत्याही शाळेत असो, संध्याकाळी विहारात एक तास अभ्यासवर्ग चालविणे आपल्या हाती आहे. शिकलेल्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून दोन दिवस द्यावेत. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली, ती केवळ एका घरापुरता विचार करून नव्हे. आपले मूल आणि शेजाऱ्याचे मूल दोघेही शिकतील, अशी निवड आपण करू या.

जयभीम! नमो बुद्धाय!