शिलालेखाची त्रिमितीय प्रतिकृती

बंगळुरूच्या उत्तरेस असलेल्या हेब्बाळ येथे 2018 साली एक प्राचीन वीरगळ उजेडात आला. गंग राजा श्रीपुरुष याच्या कारकिर्दीतील, म्हणजे सुमारे इ. स. 750 मधील, त्यावरील कन्नड लेख कित्तय्या नावाच्या वीराच्या रणमरणाची स्मृती जतन करतो. असे पाषाण ऊनपावसाने झिजतात, नव्या बांधकामांत गाडलेही जातात. म्हणून बंगळुरूच्या मिथिक सोसायटीने 2021 साली त्या परिसरातील शिलालेखांच्या त्रिमितीय प्रतिकृती करण्याचे काम हाती घेतले.

साधे छायाचित्र येथे अपुरे पडते, कारण त्यात केवळ प्रकाशाची तीव्रता व रंग नोंदला जातो. याउलट खोलीदर्शक प्रतिमेतील प्रत्येक चित्रबिंदू पृष्ठभाग किती खोल आहे हे सांगतो. या आकड्यांवरून पाषाणाचा आकार कसा सिद्ध होतो, ते पाहू.

समजा, एका बिंदूची खोली 1000 मिलिमीटर असून तो प्रतिमेच्या मध्यापासून 50 चित्रबिंदू उजवीकडे आहे. कॅमेऱ्याचे नाभीय अंतर 500 चित्रबिंदूंइतके असेल, तर 1000 ला 50 ने गुणून 500 ने भागावे. तो बिंदू मध्यरेषेपासून 100 मिलिमीटर उजवीकडे आहे, असे उत्तर येते. उभ्या दिशेचे गणितही असेच.

640 गुणिले 480 आकाराच्या प्रतिमेत असे 3,07,200 बिंदू असतात. हाताने अशक्य असलेले हे काम संगणकाची छोटी आज्ञावली, म्हणजेच स्क्रिप्ट, क्षणार्धात करते. नंतर ती शेजारचे तीन तीन बिंदू जोडून त्रिकोणांचे जाळे विणते. मात्र शेजारच्या बिंदूंच्या खोलीत एकदम मोठा फरक आढळल्यास तेथे त्रिकोण जोडू नये. अन्यथा पाषाणाची कड मागच्या भिंतीला चिकटलेली दिसेल. निरनिराळ्या बाजूंनी घेतलेल्या प्रतिमा परस्परांशी जुळवल्या, की प्रतिकृती पूर्ण होते.

या प्रतिकृतीवर हव्या त्या दिशेने कृत्रिम प्रकाश टाकता येतो. तिरप्या प्रकाशात झिजलेल्या अक्षरांच्या कडा उठून दिसतात. तथापि अक्षरे एक मिलिमीटर खोल असतील आणि मापनातील चूकही तेवढीच असेल, तर कोणतीही आज्ञावली ती अक्षरे परत आणू शकणार नाही. ओबडधोबड दिसणारे जाळे गुळगुळीत करण्याचा मोहही घातक होय. त्यात खऱ्या खाचा पुसल्या जातात. यास्तव मूळ प्रतिमा, कॅमेऱ्याची मापे व आज्ञावली ही तिन्ही एकत्र जपावीत. तसे केल्यास पुढील अभ्यासकाला प्रत्येक वाचन पुन्हा पारखून पाहता येईल.