अद्भुतकथेतील ख्रिस्ती प्रतीके आणि बालवाचक : ‘नार्निया’च्या निमित्ताने

बनियनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चा हरि केशवजी यांनी केलेला ‘यात्रिकक्रमण’ (१८४१) हा अनुवाद मराठी अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. तेथे पात्रांची नावेच आपला अर्थ सांगून टाकतात. अध्यापकास सांगण्याजोगे फारसे उरत नाही. सी. एस. लुइस यांच्या सात नार्निया-कथांची (१९५० ते १९५६) जात निराळी आहे. त्यांना रूपककथा म्हणणे स्वतः लुइस यांनाच मान्य नव्हते. प्राणी बोलतात असे एखादे जग असते आणि ईश्वरपुत्र तेथे सिंहरूपाने अवतरता, तर काय घडते, अशी ही कल्पना होय.

पहिल्या कथेतील शिलापीठाचा प्रसंग पाहावा. मिठाईच्या लोभाने भावंडांचा घात करणाऱ्या एडमंडवर प्राचीन नियमानुसार चेटकिणीचा हक्क पोचतो. त्याच्याऐवजी अस्लान हा सिंह मरण पत्करतो. त्याची आयाळ कापली जाते, विटंबना होते; दोन मुली रात्रभर त्या देहापाशी बसून राहतात आणि सूर्योदयी पीठ दुभंगते. शुभवर्तमान जाणणाऱ्यास क्रूस, थडग्यापाशी गेलेल्या स्त्रिया आणि पुनरुत्थान येथे ओळखू येतात. कायदा कोरलेले पीठच भंगावे, यात मोशेच्या शिलापाट्यांचे स्मरणही आहे. परंतु हे काहीच ठाऊक नसलेले मूलही सिंहासाठी रडते, ही गोष्ट अधिक महत्त्वाची.

मग अध्यापकाने अर्थ केव्हा सांगावा? महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक असा क्रम आहे, कथेपाठोपाठ तिचा अन्वय येतो. तेथे श्रोता साधक आहे, म्हणून तो क्रम उचित ठरतो. बालवाचक साधक नव्हे. ईश्वराविषयी अमुकच वाटले पाहिजे, या सक्तीने बालपणी भावनाच गोठते, असा स्वानुभव लुइस यांनी १९५६ च्या एका निबंधात नोंदविला आहे. सिंह म्हणजे ख्रिस्त, हे समीकरण पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिणारा अध्यापक तीच सक्ती पुन्हा लादतो. (परीक्षेस मात्र हे समीकरण फार सोयीचे!) ‘एडमंडला नुसती क्षमा करून का भागले नसते?’ असे मुलाने विचारल्यावर शुभवर्तमानातील कथा शेजारी ठेवावी.

भारतीय वर्गात आणखी एक पात्र वगळता येणार नाही. अखेरच्या कथेतील एमेथ हा आजन्म ताश या परदेवतेचा उपासक. तरीही अस्लान त्याची निष्ठापूर्वक सेवा आपलीच मानून स्वीकारतो. हे औदार्य की आत्मसात करणे, हा वाद मुलांनाच करू द्यावा.