शेवटला धावणारा

पौलाने करिंथकरांस लिहिताना शर्यतीचा दाखला घेतला, तो उगीच नव्हे. त्या नगराजवळ इस्थमिया येथे दर दोन वर्षांनी खेळ होत, आणि जिंकणाऱ्यास सुकून जाणारा पाल्याचा मुकुट मिळे. परंतु आम्ही येथे जिंकणाऱ्याविषयी लिहीत नाही.

इ. स. १९६८ मध्ये मेक्सिको शहरी ४२ किलोमीटर १९५ मीटरांची मॅराथॉन शर्यत झाली. ते शहर सुमारे २,२४० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथील हवा विरळ. टांझानियाचा जॉन स्टीफन अखवारी वाटेत पडला व त्याचा गुडघा दुखावला. निघाले ७५, पोहोंचले ५७. इथिओपियाचा मामो वोल्डे जिंकल्यावर तासाहून अधिक वेळाने अखवारी पट्टी बांधलेल्या पायाने लंगडत आला. तोच सत्तावन्नावा.

इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात धावणाऱ्यापाशी मागितला आहे तो धीर. वेगाचे तेथे नावही नाही. आमच्या मंडळ्यांत मात्र जो उशिरा वाचावयास शिकतो, जो घरच्यांच्या विरोधाने अडखळतो, त्याची पुढे गेलेल्यांशी तुलना होते. ही रीत आम्हांस बरी वाटत नाही. उपदेशक बंधूंनो, अशाच्या घरी ह्या आठवड्यात जा. तो मागे का राहिला हे विचारण्याआधी त्याची जखम पाहा.